दोन अंडी आणि मेथीची जुडी

श्रावण शुद्ध षष्ठी, बुधवार, सकाळचे साडेअकरा. हिमोग्लोबिन ८.२, बी-१२ एकशे अठरा. हजर चौघे: मी, माझी बायको, आमची मुलगी आणि मंचरच्या डॉक्टर मॅडम.

मुलीला सहावा महिना लागला होता. जावई चाकणला कंपनीत, पाळ्या बदलत्या, म्हणून ती नारायणगावला आमच्याकडे लवकरच आली होती. मॅडमनी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या. लोहाच्या गोळ्या रोज, आणि बी-१२ची पाच इंजेक्शनं एक दिवसाआड. तिसरी गोष्ट तोंडी सांगितली: "रोज दोन अंडी द्या हिला."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे. मग बायको म्हणाली की आमच्यात चालत नाही. मॅडमना नवल वाटलं नाही. मग मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक भरपूर द्या, दूध-दही द्या, आणि इंजेक्शनं मात्र चुकवू नका, असं त्या म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत आला.

येताना गाडी मी चालवत होतो. कळंबच्या पुढे मुलगी म्हणाली, "पप्पा, सुई पाचदा?" मी म्हणालो, बघू. हे 'बघू' मला नडलं.

अडचण अंड्याची नव्हतीच. अंडं आमच्या घरात कधी आलं नाही, येणारही नव्हतं. अडचण होती पाल्याची. आमचं घराणं जैन, पणजोबा मारवाडातून आलेले. आषाढात चातुर्मास लागला की घरात हिरवा पाला बंद होतो. पावसाळ्यात पानांवर बारीक जीव असतात, म्हणून चार महिने मेथी नाही, कोथिंबीर नाही. माझ्या आईला आम्ही बाई म्हणतो. बाईचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि हा नियम तिने लग्नापासून एकदाही मोडलेला नाही. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं अंडंही चालत नव्हतं आणि अंड्याऐवजी सांगितलेला पालाही.

बाईला समजवायचं कसं, हे माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. माझ्या किराणा-भुसाराच्या दुकानात डाळ मोजताना माप विसरलो, तीन गिऱ्हाइकांना दोनदा विचारलं. माझा स्वभाव असा की एखादी गोष्ट आकड्यात मांडली की माझं मन जागेवर येतं. म्हणून मी कागद घेतला. डावीकडे अंडं, उजवीकडे मेथी आणि कोथिंबीर. आहाराचे तक्ते मोबाइलवर मिळाले. एका तक्त्याचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता, पण अंदाज येत होता. एका अंड्यात प्रथिनं सहा ग्रॅमच्या आसपास. मेथीच्या शंभर ग्रॅममध्ये चार, कोथिंबिरीत तीन. लोह पाल्यात जास्त. कॅल्शियम पाल्यात कितीतरी पट. क जीवनसत्त्व पाल्यात भरपूर, अंड्यात शून्य. हे शून्य मी ठळक काढलं.

नंतर बी-१२ची ओळ आली. अंड्यात थोडं, पाल्यात शून्य.

ही ओळ मी लिहिली नाही. बाईने विचारलं असतं की पाल्यात नसेलच तर नियम कशाला मोडायचा. इंजेक्शनं वेगळी आहेतच, ती घेतली जातील, कागदावर गोंधळ नको, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानाच्या वहीत एक पैसा इकडचा तिकडे केला नाही कधी, आणि इथे अख्खी ओळ गाळली.

रात्रीचं जेवण आमच्यात सूर्यास्ताच्या आधी होतं. त्यानंतर बाईपुढे बसून मी कागद वाचून दाखवला. तिने चष्मा लावला नाही, नुसतं ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणाली, "गर्भारणीला सूट असते. मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडा. माझ्या भांड्याला लागू देऊ नका." एवढंच. मला वाटलं होतं तासभर वाद होईल. उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

बायकोने तो कागद फ्रिजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मी बाजारात. खोडदची एक शेतकरीण रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसते, वीस वर्षांची ओळख. धान्य ती आमच्याकडूनच नेते. चातुर्मासात मी मेथी मागतोय हे बघून तिने हातातली जुडी तशीच धरून ठेवली.

"शेठ, यंदा देव बदलला का काय?"

मी कारण सांगितलं. अंडी सांगितली होती, पण आमच्यात नाही, म्हणून पाला, हेही सांगितलं. ती हसली. "आमी पाला कोंबडीला घालतो, मग ती अंडं देती. तुमी पोरीलाच पाला घालून अंड्याचं काम करून घ्यायला बसलाय व्हय?" शेजारची टोमॅटोवाली खो-खो हसली. मी जुडी घेऊन निघालो.

जुडी दुकानातल्या काट्यावर टाकली. चारशे वीस ग्रॅम. घरी कागदावर तो आकडा मांडून ताडून पाहिलं: प्रथिनं जवळजवळ सतरा. दोन अंड्यांची बारा. मी खूश. रोजचं वजन छोट्या वहीत लिहायला लागलो. चारशे दहा. चारशे चाळीस. तीनशे नव्वद, त्या दिवशी कोथिंबिरीची जुडी जास्तीची घेतली. मुलगी मेथीची भाजी खाई, मेथीचे ठेपले खाई, डाळीत मेथी, कोथिंबिरीची वडी. आठवड्याने तिला मेथीचा वासही नको झाला. मी तिच्या ताटाकडे बघत बसे. किती राहिली, किती गेली. बायको म्हणाली, तुम्ही बघता म्हणून तिच्या घशाखाली उतरत नाही, बाहेर जा. मी बाहेर जाऊन पायरीवर बसायचो आणि पुन्हा आत डोकवायचो.

एके दिवशी दुकानात पिशवी रिकामी करताना मेथीच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन अंडी निघाली. गावरान, बदामी रंगाची. खोडदच्या शेतकरणीने न सांगता घातली होती.

दुकानात मी एकटा होतो. अंडी गल्ल्यावर ठेवता येईनात, खाली टाकता येईनात. हातात धरली तर कोमट वाटत होती, उन्हात बसली होती म्हणून असेल. शेवटी मी ती काट्यावर ठेवली. एक एकोणपन्नास, एक बावन्न. सवयीने मनातल्या मनात कवच वजा केलं, साधारण दहावा भाग. उरले नव्वद ग्रॅम.

आणि तेव्हा लक्षात आलं. अंड्याचं कवच मी वजा करतोय, पण मेथीच्या काड्या, मुळं, त्यावरची माती आणि भाजीवालीने मारलेलं पाणी हे सगळं मी जुडीबरोबर मुलीला खाऊ घालत होतो, कागदावर. भुसार मालात पोत्याचं वजन वजा केल्याशिवाय मी कोणाशी सौदा केलेला नाही. लगेच त्या दिवशीची जुडी निवडली, दुकानातच, पेपर पसरून. पानं निघाली एकशे सत्तर ग्रॅम. सतराचे सात झाले. आणि तेवढी पानंही मुलगी एका दिवसात सगळी खात नव्हती.

अंडी दुसऱ्या सकाळी शेतकरणीला परत केली. ती रागावली नाही. "पोरीसाठी दिली व्हती, तुमच्यासाठी न्हाई," म्हणाली. "बरं, लई जीवाला लावून घेऊ नका. पण नुसत्या पाल्यावर ठेवू नका तिला."

घरी येऊन मी फ्रिजवरच्या कागदात चारशे वीस खोडून एकशे सत्तर केलं. पेन हातात होतं. बी-१२ची ओळ तेव्हाही लिहिली नाही. इंजेक्शनं चालू असतील असं मी धरून चाललो होतो. ते बायकांचं काम, बायको तिला नेत असणार. विचारलं नाही.

मुलगी म्हणत होती की पायाला मुंग्या येतात. सगळे म्हणाले, दिवस आहेत, येतातच. एकदा तिच्या हातून दुधाचा पेला सुटला. मी रात्री उठून तिच्या खोलीपाशी जायचो, पंख्याचा आवाज ऐकून परत यायचो.

पर्युषण आलं. संवत्सरीला, म्हणजे शेवटच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे मी घरातल्या सगळ्यांपुढे हात जोडले. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा. बाईपुढे, बायकोपुढे, मुलीपुढे. मुलीने फ्रिजला टेकून हात जोडले, कागद तिच्या खांद्याच्या मागे.

त्यानंतर दोन दिवसांनी, शुक्रवारी, पुन्हा मंचर. रस्त्यावर गणपतीचे मांडव, स्पीकर, गाडी मिनिटाला दहा फूट सरकत होती. मी घड्याळ बघत होतो आणि मुलगी मला म्हणत होती की पप्पा, बघून लवकर पोचणार नाही.

हिमोग्लोबिन ८.६. बी-१२ एकशे सहा.

मॅडमनी विचारलं, इंजेक्शनं किती झाली? मी बायकोकडे बघितलं. मग बायको म्हणाली, "एकही नाही. यांच्या कागदावर त्याची ओळच नव्हती. मला वाटलं, यांनी तुम्हाला विचारून ते काढलंय. हे आकडा सोडत नाहीत कधी."

ती आरोप करत नव्हती. तिचा विश्वास होता, तेच ती सांगत होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या की पाल्याने लोहाला थोडा हात दिला, वाईट काही झालं नाही. पण बी-१२ पाल्यात नसतंच. आणि दोन अंड्यांनीही ही तूट एवढ्यात भरली नसती, इंजेक्शनच हवं होतं. मुंग्या त्याच्याच आहेत, अजून उशीर परवडणार नाही.

म्हणजे अंडं की पाला, हा महिनाभराचा माझा सगळा हिशेब मूळ प्रश्नाच्या बाजूने निघून गेला होता.

परतताना मी गाडी पेट्रोल पंपापाशी थांबवली आणि मुलीला सांगितलं की ओळ माहीत होती, मी गाळली. तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "मी अंडं खाल्लं असतं तर काय केलं असतं तुम्ही?"

मी विचार केला. "माहीत नाही," म्हणालो. खरंच माहीत नव्हतं.

"आधी वजन केलं असतं," ती म्हणाली. बायको मागे तोंडाला पदर लावून हसली, आणि लगेच रडली.

संध्याकाळी बाईला सांगितलं. पाल्याची बाजू जड दिसावी म्हणून एक ओळ लपवली, असं सरळ. बाई माळ ओढत होती, ती तिने मांडीवर ठेवली.

"पाला मी तुझ्या कागदावरून आत घेतला नव्हता," म्हणाली. "पोरीचे ओठ पांढरे पडले होते, ते बघून घेतला. त्याने भागणार नाही असं म्हणाला असतास, तरी घेतला असता." मग माळ पुन्हा उचलत म्हणाली, "संवत्सरीला सगळ्यांपुढे हात जोडलेस. ती नुसती गणती झाली. आता जिच्यापुढे जोडायचे तिच्यापुढे जा."

मी गेलो. मुलगी पलंगावर पाय लांब करून बसली होती. मी हात जोडले. ती म्हणाली, "उद्या सुई टोचताना माझा हात धराल ना, मग झालं."

पाचही वेळा धरला. ती डोळे मिटून घ्यायची, मी उघडे ठेवून औषध पूर्ण गेलं का ते बघायचो. पायाच्या मुंग्या कमी आहेत म्हणते, गेल्या म्हणत नाही. पुढची तपासणी व्हायची आहे आणि तोवर मला झोप नीट लागत नाही. मेथी अजून येते, निवडलेली, आणि मी ती तोलत नाही.

पाच इंजेक्शनांचे तीनशे रुपये मेडिकलवाल्याला दिले. टोचायला घरी येणाऱ्या, गल्लीतल्या सिस्टरला दरवेळचे पन्नास असे अडीचशे.