कुडाचं चर्च

छिन्नीने सिमेंट उकरलं, तर आत दगड नव्हताच. कारवीच्या काठ्या आणि त्यावर लिंपलेली माती. अशा भिंतीला आमच्याकडे कूड म्हणतात.

"दगडाचं नाय ते, साहेब," मागून लाहनूकाका म्हणाले. पंचाहत्तरीचे हे काका चर्चचे सगळ्यांत जुने सभासद. "दर नाताळाआधी माझी आय नि पाड्यातल्या बाया ही भिंत सारवायच्या. सिमेंट मागनं लावलं."

२०१८च्या अखेरीस भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि तलासरीतल्या इमारती तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी डहाणू रोडचा स्ट्रक्चरल इंजिनीअर. झरीच्या पलीकडच्या पाड्यावरचं हे बाप्तिस्त चर्च त्याच यादीत होतं. चर्चच्या महोत्सवाच्या पुस्तिकेत छापलेलं, 'मिशनऱ्यांनी बांधलेलं दगडी चर्च'. काकांच्या सांगण्याप्रमाणे मिशनरी तंबूत राहून उपदेश करायचा. चर्च बांधलं पाड्यातल्या माणसांनी, स्वतःच्या घरासारखं: सागाचे खांब पुरून, मधे कूड घालून. शिकलेल्या नातवांना त्याची लाज वाटली. त्यांनी भिंतींवर सिमेंट चढवलं, त्यात दगडाच्या रेघा ओढल्या आणि पुढे काँक्रीटचा पोर्च ठोकला.

मी दिवसभर तपासलं. कूड धक्क्यात हलतो, वाकतो, पण सहसा अंगावर कोसळत नाही. एवढे धक्के खाऊनही एक खांब तसूभर सरकला नव्हता. पोर्चच्या बीमला मात्र तडे गेलेले. मी काकांना सांगितलं, चर्च राहील, पोर्च पाडा. त्यांनी खुशीने घरचे चिकू गाडीत ठेवले.

फॉर्ममध्ये भिंतीपुढे दोनच चौकोन होते, पक्की आणि कच्ची. नियमाने कूड कच्चा. मी इमानदारीत खूण केली. पोर्च नंतरचा, म्हणून त्याचा फॉर्म वेगळा. पक्क्या बांधकामाला 'पाडा' असा चौकोनच नव्हता, म्हणून तिथे 'पक्के, दुरुस्ती आवश्यक'. खरं काय ते दोन पानी पत्रात लिहून सोबत जोडलं आणि निर्धास्त झालो.

महिन्याभरात चर्चवर नोटीस लागली. धोकादायक, पाडा. मी तडक तहसील ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी माझाच फॉर्म पुढे सरकवला.

"कच्चं तुम्हीच लिहिलंय ना?"

मी पत्राचं विचारलं.

"कॉम्प्युटरवर फॉर्म चढतो, पत्र नाही. उद्या कोणी दगावलं तर जबाबदारी घेता? तसं लिहून द्या."

लिहून द्यायला हवं होतं. मी लायसन्सचा विचार केला आणि फॉर्म तसाच परत सरकवला. साहेबांवरचा राग कधीच गेला, स्वतःवरचा जात नाही.

पाडायला जेसीबी आला. भिंती लगेच गेल्या, पण खांब उपटेनात. साखळी बांधून एकेक ओढावा लागला. लाहनूकाका माझ्याशेजारी उभे होते.

"धोकादायक होतं ना, साहेब?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी हो म्हणालो.

रविवारची प्रार्थना आता त्या तडे गेलेल्या पोर्चखाली होते. कागदोपत्री तो पक्का आहे, म्हणून जेसीबीने त्याला हात लावला नाही. मी मात्र फॉर्म हातात आला की आधी बघतो, खरं लिहायला त्यात जागा आहे का. नसेल तर सही करत नाही. ही अक्कल मला दुसऱ्यांचं चर्च घालवून आली.