शेपटीच्या ताऱ्याची तीट

यानाने धूमकेतूवरून परतलेला प्रकाश रंगारंगांत उलगडून पाठवला होता. पडद्यावरचा आलेख सांगत होता, पृष्ठभाग कोळशाहून काळा आहे, कार्बनने माखलेला. आणि मला एकदम एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या ताटलीचा वास आला.

लहानपणी एका वर्षी आमच्या गावी, मेडशीला, काही आठवडे संध्याकाळी असाच शेपटीचा तारा दिसायचा. शेजारची काकू म्हणाली, "लेकरायले दाखवू नोका, वंगाळ असते." मी रडायला लागले. आईनं ताटलीवरचं काजळ बोटावर घेतलं, माझ्या गालाला तीट लावली आणि मला अंगणात नेलं. "पाह्य आता. काई होत नाई."

आज फोनवर तिला सांगितलं, तो तारा खरं तर काजळासारखा काळा असतो.

"मंग त्याच्या मायनं लावलं असन," आई म्हणाली. "एवढ्या दूर एकटं फिरते लेकरू."