पुढच्यासाठी रचलेली लाकडं

निजामपुऱ्यात मुनीरभायचं घर विचारलंत, तर लोक पत्ता सांगत नाहीत, नुसतं वर बोट करतात. पत्र्यांच्या आणि पाण्याच्या टाक्यांच्या गर्दीत एका गच्चीवर लाल रंगाची, उतरत्या छपराची इवलीशी लाकडी खोली दिसते. गल्लीतली पोरं तिला 'नॉर्वे' म्हणतात. "म्हातारा नॉर्वेला गेलाय" म्हणजे तो वर जाऊन बसलाय, खाली यायला वेळ लागेल.

मुनीरभायच्या खानदानात सगळे लूमवाले, यंत्रमागावर कापड विणणारे. हा एकटा जहाजावर गेला आणि उभी हयात खानसामा म्हणून दर्यावर फिरला. तिशीत असताना त्याचं जहाज भर हिवाळ्यात नॉर्वेत दुरुस्तीला लागलं, आणि जहाजावरचा इंजिनियर आर्ने त्याला आठवडाभरासाठी डोंगरातल्या आपल्या लाकडी घरी घेऊन गेला. तिथे आर्नेची म्हातारी आई होती. वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर बर्फात. मुनीरभाय चक्रावलाच. शहरात चांगलं घर असताना ही माणसं मुद्दाम इथे येतात, लाकडं फोडतात, बर्फ वितळवून पाणी करतात आणि वर खूश असतात! आपल्याकडे ज्या हालांतून सुटायची सगळ्यांची धडपड, तेच हाल ही मंडळी सुट्टी काढून भोगत होती.

पण दोन दिवसांत त्यालाही चटक लागली. लूमच्या खडखडाटात जन्मलेल्या माणसाला आधी त्या शांततेची भीती वाटली, मग तीच हवीशी झाली. संध्याकाळी चुलीशी बसून म्हातारी गोष्टी सांगे आणि आर्ने त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मुनीरभायपर्यंत पोचवी. गोठ्यात राहणाऱ्या लाल टोपीवाल्या बुटक्याची गोष्ट तर त्याने पुढे घरीदारी सगळ्यांना ऐकवली. त्या बुटक्याला सणाला वाटीभर खीर ठेवायची, वर लोण्याचा गोळा. लोणी दिसलं नाही, तर स्वारी गोठ्यात थैमान घालणार! मुनीरभायचा मुलगा अम्मार लहानपणी रमजान ईदला शिरखुर्म्याची वाटी गच्चीवर ठेवून यायचा. ती मांजर खाऊन जायची आणि पोरगा दिवसभर आनंदात असायचा.

त्या डोंगरावर मुनीरभायने एक घोटाळाही करून ठेवला. पाहुणा म्हणून आयतं बसून खाणं त्याला जमेना. चुलीवरची कॉफीची किटली काळीकुट्ट दिसली, तेव्हा पठ्ठ्याने ती राख लावून अशी घासली की तोंड पाहून घ्यावं. म्हातारीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिच्या सासूच्या काळापासून त्या किटलीला कुणी घासणी लावली नव्हती. कॉफीची चव त्या काळेपणातच आहे, असं ते घर मानत होतं. मुनीरभाय शरमेने अर्धा झाला. म्हातारी मात्र हसता हसता डोळे पुसू लागली आणि निघताना तीच किटली त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आता तूच हिला काळी कर."

निघायच्या सकाळी आर्नेने चुलीतली राख काढली. आत आधी काटक्या, मग वाळकी लाकडं नीट रचली. शेजारी काड्यापेटी ठेवली, तीही अर्धी उघडी, दोन काड्या बाहेर काढलेल्या.

"हे कुणासाठी?" मुनीरभायने विचारलं.

"पुढे जो येईल त्याच्यासाठी. त्याची बोटं गारठलेली असतील."

"पण येणार कोण?"

"ते कुणाला ठाऊक!"

कोण येणार हे माहीत नसताना त्याच्या बोटांची काळजी करणारी माणसं त्याने एकदाच पाहिली, आणि ती विसरणं त्याला जमलं नाही.

नोकरी संपल्यावर त्याने ही खोली उभारली. पूर्णा गावच्या गोदामात हमाली करणाऱ्या दामूने तिथे आलेल्या मोठ्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आणून दिल्या. आर्नेच्या घराचा वास येतो का म्हणून मुनीरभायने एकेक फळी नाकाला लावली, तेव्हा दामू म्हणाला, "भाय, लाकूड हाय ते, बिर्याणी न्हाय." आत पत्र्याची शेगडी, एक खिडकी, एक बाकडं. शुक्रवारी लूम बंद असले की गल्ली शांत होते, आणि मग मुनीरभाय किटली चढवतो. तीस वर्षांत ती पुन्हा काळीकुट्ट झाली आहे. त्याची बायको हमिदा तिच्याकडे पाहून अजून दात-ओठ खाते. "मी मेल्यावर लोक बोलतील, हमिदाला भांडी घासता येत नव्हती."

यंदा जानेवारीत अम्मारने विषय काढला. "अब्बा, बुशराचं बारावीचं वर्ष. खाली तिला अभ्यासाला जागा नाय. वरची खोली पाडून पक्की बांधू या. उद्या मिस्त्री येतोय."

नातीच्या अभ्यासापुढे काय बोलणार? मुनीरभाय "बरं" म्हणाला. संध्याकाळी तो वर गेला, बाकडं पुसलं, शेगडीतली राख काढली. उद्या जिथे हातोडा पडणार, तिथे काय रचायचं, असं त्याच्या मनात आलं. तरी त्याने काटक्या रचल्या, वर लाकडं ठेवली, काड्यापेटी अर्धी उघडून दोन काड्या बाहेर काढल्या. किटली तिथेच राहू दिली. खाली आणून तिला लपवणार कुठे, हमिदाच्या स्वयंपाकघरात?

सकाळी त्याला धुराचा वास आला. मिस्त्रीने फळ्याच पेटवल्या की काय, या धास्तीने तो गुडघे धरत जिना चढला. गच्चीवर कुणी नव्हतं. खोलीच्या पत्र्याच्या नळीतून धूर निघत होता. आत अम्मार शाल गुंडाळून शेगडीशी बसला होता आणि किटलीतून कॉफी ओतत होता.

"सामान काढायला आलेलो," तो बापाकडे न बघता म्हणाला. "हात गार पडले होते. काड्या बाहेर काढलेल्याच होत्या."

मुनीरभाय बाकड्यावर टेकला. दोघांनी कॉफी घेतली. खाली पहिला लूम सुरू झाला, पाठोपाठ दुसरा. अम्मारने खिडकीकडे पाहिलं, फळीवर हात फिरवला.

"बुशराचं टेबल इथं खिडकीखाली बसंल ना, अब्बा?"

"बसंल," मुनीरभाय म्हणाला.

अम्मारने मिस्त्रीला फोन लावून नको सांगितलं. शेगडी विझेपर्यंत थांबला, राख काढली आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, "काटक्या कुठं ठेवल्यात?"