लाहूला न दिसलेला आकडा

झरीचा लाहू डहाणूच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेला तेव्हा स्वतःबद्दल एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, ती म्हणजे आपलं कामात लक्ष नसतं. लहानपणापासून सगळे तेच सांगत आले होते. हिरव्या मिरच्या तोडायला पाठवलं की त्याच्या टोपलीत लालही यायच्या. कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला द्रावण गुलाबी झालं की थांबायचं असायचं, आणि हा ओततच राहायचा.

दुसऱ्या वर्षाला सस्तन प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र होतं. डोळ्याचा धडा आला त्या दिवशी जयमाला मॅडमनी रंगीत ठिपक्यांत आकडे दडलेलं एक पुस्तक आणलं. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनी वाचला, लाहूनेही. पुढच्या पानावर वर्ग एका सुरात आकडा बोलला. लाहूला नुसते ठिपके दिसले.

तास संपल्यावर तो भीतभीत मॅडमकडे गेला. त्यांनी एकेक पान पुन्हा दाखवलं आणि पुस्तक मिटलं.

"लाहू, तुझं लक्ष अगदी ठीक आहे. लाल-हिरव्यातला फरक ओळखणाऱ्या पेशी तुझ्या डोळ्यात नीट काम करत नाहीत. जन्मापासूनच. हे बहुधा आईकडून येतं, तिला स्वतःला काही होत नाही. तिच्या वडिलांना असं होतं का, विचार."

शनिवारी एसटीने घरी गेल्यावर त्याने आईला, जानीला, सगळं सांगितलं. भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"माझा बा," ती म्हणाली. "लग्नाआधी मी लाल लुगडं मागितलं, त्याने मळकट हिरवं आणलं. सगळे हसले, झिपरू पिऊन बाजारात गेला म्हणाले. तो सांगत राहिला, मी थेंबही घेतला नाही, लालच आणलंय. कुणी मानलं नाही. मीपण नाही."

झिपरू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तव्यावरची भाकरी करपली तरी जानी तशीच बसून होती.

सोमवारी ती लाहूबरोबर डहाणूला आली. कॉलेजात पहिल्यांदाच. पिशवीत परसातल्या वालाच्या शेंगा होत्या.

"बाई, माझा बा खरं बोलत होता," ती मॅडमना म्हणाली. "तुमच्यामुळं समजलं." तिने शेंगांची पिशवी पुढे केली.

मॅडमनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"पोराचं काही अडणार नाही ना?"

"एखाद्या नोकरीत अडेल. आधी कळलं ते बरं. बाकी पोरगा हुशार आहे तुमचा."

लाहूने हे आईसमोर पहिल्यांदाच ऐकलं. तो खिडकीकडे बघत राहिला.

आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. घरी गेला की जानी विचारते, "या आठवड्यात काय शिकवलं?" मग तो सांगतो, हृदयाला कप्पे किती, मूत्रपिंड रक्त कसं गाळतं. रविवारी हातपंपावर ती बायकांना तेच सांगते. दोन गोष्टी चुकतात, पण लाहू मध्ये बोलत नाही.