मांडव पाहून तारखा लावणारे इवाई

इवाईंबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी उठून जात असे. आता सांगतो.

इवाई म्हणजे आमचे व्याही, माझ्या सुनेचे वडील. राहणार नाचणगावचे. आमच्या भागातल्या गावांची कबड्डी लीग चाले. मी अध्यक्ष, सामन्यांच्या तारखा ते लावत. त्याआधी मोटरसायकलवर गावोगाव फिरत आणि पहिला प्रश्न विचारत, "यंदा मांडव कोणाच्या घरी हाय?" खेळाडूच्या घरी लग्न असलं, की त्या दिवशी त्या गावाचा सामना नाही. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसता काऊन, इवाई? भाऊ मैदानात अन् बहीण मांडवात त्याची वाट पाहून राह्यली, असा खेळ मले नाई पायजे."

बोरगाव मेघेच्या, म्हणजे आमच्या संघाचा कर्णधार माझाच मुलगा. त्याचं ते खेळण्याचं शेवटचं वर्ष, आणि वडनेरशी हरलो की आम्ही बाहेर. जेवताना इवाई सहज बोलून गेले, वडनेरच्या कर्णधाराच्या बहिणीचं लग्न आहे, म्हणून तो दिवस मोकळा ठेवलाय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी सामना लग्नाच्याच दिवशी आणला आणि इवाईंच्या नावानं लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवलं. त्यांच्याकडे साधा फोन होता, ग्रुपवरचं त्यांना दिसत नसे. लग्नघाईत वडनेरच्या कोणी फोन उघडला नाही. त्यांचा संघ आला नाही; आम्ही न खेळता जिंकलो.

लीगच्या बैठकीत वडनेरचे लोक इवाईंवर भडकले. "लग्नाचं यायलेच मालूम होतं! बोरगावले पोरगी देली तं देली, आता मॅचबी देली!" सगळे हसले. इवाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण त्यांची मुलगी माझ्या घरात नांदत होती.

"चुकलं माहं," ते म्हणाले. तारखांचं काम त्यांच्याकडून गेलं. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून राहिलो.

पुढे ते सणावाराला लेकीसाठी यायचे. आम्ही समोरासमोर बसून कपाशीबद्दल बोलायचो. दार उघडं असायचं, पण दोघांनाही उठता येत नसे.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला गेलो. सून चहा आणायला गेली होती. मी पलंगाजवळ वाकलो. "इवाई, ती तारीख..."

तेवढ्यात सून आली. "काय म्हणत होते, मामाजी?"

मी सरळ होऊन खिडकीकडे वळलो. इवाईंनीच डोळे उघडले.

"काई नाई वं, माय. तुह्या सासऱ्याले चहा दे."