शून्य चिंचोके

आमच्या फॉर्मच्या शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना आहे, जेमतेम दोन बोटं रुंद. खरं सगळं तिथेच लिहायचं असतं आणि तिथेच मावत नाही. मग ते माझ्या डोक्यात साचतं आणि तुम्ही कॉफीला भेटलात की तुमच्यावर सांडतं. सॉरी, पण आज ऐकाच!

आधी काम सांगते. मी आणि आमचे देवरे सर गावोगाव जाऊन विचारतो, आरोग्याची कुठली गरज पहिली, कुठली दुसरी. जिल्ह्याच्या आराखड्यात फक्त पहिल्या तीन जाणार. चौथी म्हणजे पुढच्या वर्षी बघू. यादी शुक्रवारी द्यायची होती आणि मला झोपेतही नंबर दिसत होते.

*

चांदवडकडचे एक आजोबा, गुडघ्याने बेजार. म्हटलं, बाबा, गुडघेदुखी पहिली लिहू? ते दचकलेच. "दुसरी लिही पोरी. पहिल्याचं लगेच ऑपरेशन करतील."

*

आमची पद्धत अशी: जमिनीवर चित्रांची कार्डं मांडायची, प्रत्येकाला पाच चिंचोके द्यायचे. जी गरज मोठी, तिच्या कार्डावर ठेवा.

एका गावात सर्पदंशाच्या कार्डावर ही रास! सर खूश, गाडीत बसायच्या आत स्लाइड तयार. निघताना मी एका मावशींना विचारलं, एवढे साप निघतात इथे?

"निघत नाय वो. पण नागोबा मांडलाय म्हटल्यावर त्याच्यापुढं काहीच नाय ठेवायचं?"

स्लाइड डिलीट.

*

लासलगाव. निम्मी मंडळी कांद्याच्या लिलावातून थेट आलेली. एका काकांनी चिंचोके बघितले आणि उभं राहून चक्क बोलीच पुकारली. डेंग्यू दहा, डेंग्यू पंधरा, बीपी वीस... ज्याचा आवाज मोठा त्याचा आजार वर. खोकल्याला कोणी बोलीच लावेना.

"गोल्टी हाय ती, बाजूला काढा," काका म्हणाले. गोल्टी म्हणजे एकदम बारका कांदा. आणि मी बावळट, दहा मिनिटं बोली लिहून घेत होते!

*

आणि सुनंदाताई. विंचूरकडच्या आशा सेविका. रोज सकाळी फोन. "मॅडम, आमचं बाथरूम कितव्या नंबरला?"

तिकडे एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये बायका दिवसभर कांदा निवडतात. बाथरूम नाही, म्हणून कोणी पाणीच पीत नाही. मग जळजळ, ताप, आणि ताईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या. हे सगळं बायका ताईंच्या कानात सांगतात. कार्डं मांडली की समोर मुकादम, शेजारी कुणाचा दीर, कुणाचा सासरा. बाथरूमच्या कार्डावर शून्य. मी दोनदा गेले, दोनदा शून्य.

सर म्हणाले, शून्याची ओळ काढून टाक. मी लॅपटॉप उघडायचे, त्या ओळीवर जायचे, परत बंद करायचे. काढवत नव्हती आणि ठेवायला कारणही नव्हतं.

*

गुरुवार. त्याच शेडमध्ये शेवटची फेरी, या वेळी सरही आले. भर दुपार, वर तापलेला पत्रा. ताईंनी आधी सगळ्यांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले. मी म्हटलं, मला नको, बाटली आहे.

मग कार्डं, चिंचोके. बायकांनी डेंग्यूवर ठेवले, बीपीवर ठेवले. मुकादम बघत उभा. बाथरूम शून्य.

सरांचा आवाज खरंच पडला होता. "ताई, मी तरी काय करू? जे मोजता येतं तेच लिहिता येतं."

ताई उठल्या. ट्रे घेऊन फिरल्या, सगळे ग्लास गोळा केले आणि सरांसमोर ओळीने मांडले. मुकादमाचा, दिरा-सासऱ्यांचे, सरांचा, सगळे रिकामे. बायकांचे काठोकाठ.

"मग हे मोजा."

सर वाकून मोजायला लागले. एकेका ग्लासावर बोट ठेवून, पोरांना शिकवतात तसं. शेवटच्या ग्लासापाशी थांबले. त्यांची नजर माझ्या बॅगेकडे गेली. सकाळी नाशिकहून भरून आणलेली बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

सरांनी हळूच विचारलं, "ही पण धरू?"