त्यांच्या उतरवलेल्या जर्सी

"ये लो. पहले धो लेना हां, बास मार रहा है."

असं म्हणून त्याने काळी पिशवी माझ्या पायाशी टाकली. हातात दिली नाही. टाकली.

आत त्यांच्या गेल्या सीझनच्या जर्सी. काखेत पिवळ्या पडलेल्या. छातीवर त्यांच्या टीमचं चिन्ह, ससाणा, त्यावर चिकटपट्टी मारलेली.

तो समोरच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. पुण्याचा. बाप इथे कुवेतमध्ये बँकेत मोठा साहेब. त्या दिवशीची मॅच त्यांच्याच हिरव्यागार टर्फवर; त्यांच्याकडे ढोल बडवणारी पोरं, बसवरसुद्धा ससाणा. आमचं कॉलेज म्हणजे फहाहीलच्या एका इमारतीतले दोन मजले. कुणाचा बाप ड्रायव्हर, कुणाचा वेल्डर. माझे अब्बा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पाइप फिटर. सराव पार्किंगमागच्या खडीत. पडलो की गुडघे सोलायचे. सीझनभर एक मॅच जिंकलो नव्हतो. टीमला धड नावही नव्हतं.

मी आमच्या टीमचा कॅप्टन. मी मराठीत म्हणालो, "उचल ती पिशवी."

तो चमकला. "तू मराठी? वाटत नाहीस. नाव तर तुझं..."

नाव मुसलमानाचं. मी रत्नागिरीचा. आई मला याच भाषेत शिव्या घालते. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "अरे, मग आपलाच की तू! छान बोलतोस हां."

शाबासकी. माझ्याच भाषेबद्दल मला शाबासकी. 

तेवढ्यात आमचे कोच धावत आले. हातात मोबाइल. "थँक यू बोलो भाई को. जर्सी पहनो, फोटो निकालना है." आमच्या कॉलेजला तो फोटो इन्स्टावर टाकायचा होता. गरीब टीम, दिलदार प्रतिस्पर्धी. कोचचे दात दिसत होते. त्या हसण्याची मला पिशवीपेक्षा जास्त किळस आली.

"सर, हम नहीं पहनेंगे."

"तो क्या नंगे खेलोगे?"

ते सगळे हसले. आमची दोन पोरंही हसली. सवयीने.

मी पिशवी उचलली, मैदान ओलांडलं आणि त्यांच्या बाकावर उपडी केली. "तुमची घाण. तुम्हीच धुवा."

आमच्या अंगावर एकसारखे कपडे नव्हते. रेफरी म्हणाला, मॅच होणार नाही. न खेळता ते जिंकले. ढोल वाजले. आमचा गोलकीपर रडला. हे तुझ्यामुळे झालं, असं मला म्हणाला.

घरी अब्बा म्हणाले, "घालायची होतीस रे. कापडच ना ते?" ते कामावरून नुकतेच आले होते. अंगात कंपनीचा डांगरी सूट, पाठीवर कंपनीचं नाव. मला त्यांचा राग आला. मग ज्यांनी त्यांना असं बोलायला शिकवलं, त्यांचा आला.

दोन दिवसांनी प्रिन्सिपलनी बोलावलं. म्हणाले, त्या मुलाची माफी माग, टीममध्ये राहा. बाजूला कोच उभे. मान खाली.

"माफी नाही मागणार."

"मग खेळायचं विसर."

"तुमच्याकडून खेळायचं विसरलो, सर."

बाहेर गोलकीपर उभा होता.  माझ्याबरोबर जिना उतरला.

आता आम्ही काही पोरं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मोकळ्या मैदानात खेळतो. अजून हरतो. खूप हरतो. हरण्याची लाज नाही वाटत. पण आमच्या हरण्यावर कुणी स्वतःचा मोठेपणा मिरवायला आला, तर त्याला मैदानाबाहेर काढणार. मग तो कुठलीही भाषा बोलो. माझी बोलत असेल, तर आधी त्याला.